बारावी युक्ती

वेलांटीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती एका उकारामुळे. आपल्यावर खोटा आळ आला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं ते नंतर.

मालकीणबाईंच्या टेबलावर एक कागद होता आणि त्यावर कॉम्प्युटरच्या पडद्याचं चित्र छापलेलं होतं. छापखान्याचं रोजचंच पान ते. ब्राउझरमध्ये उघडायचं, प्रूफ वाचायचं आणि खालच्या चौकटीत आपला शेरा लिहायचा. चित्रातल्या चौकटीत बाईंचं नाव होतं, दीड महिन्यापूर्वीची तारीख होती आणि एक ओळ होती : 'सुचनेप्रमाणे तपासुन पाहिले. छापण्यास हरकत नाही.'

"हे मी लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"नाव तर तुमचंच दिसतंय," खिडकीपाशी उभा असलेला व्यवस्थापक म्हणाला.

"नाव माझं आहे हो. पण ही 'सुचना' कुणाची? सू दीर्घ असतो. सव्वीस वर्षं मी या छापखान्यात सू दीर्घ करत आलेय. त्यातली तीन वर्षं तर नुसते तुमचे."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "बाई, तिकडे पोर दवाखान्यात पडलं होतं, आणि तुम्ही वेलांटी काय काढून बसलात?"

"वेलांटी नाही. उकार," बाई म्हणाल्या, आणि म्हणताक्षणीच आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला हे त्यांना कळलं. पण करणार काय? या स्वभावापायीच तर सगळा छापखाना त्यांना वेलांटीबाई म्हणत असे. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

प्रकरण होतं लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं. बाटलीच्या खोक्यात घडी करून घालतात तो माहितीचा कागद या छापखान्यात छापला होता. मूळ प्रतीत मात्रा होती २.५ मिली. छापून गेलं २५ मिली. मधलं टिंब उडालं. चाळीस हजार कागद खोक्यांत गेले, खोकी दुकानांत गेली, आणि एका आईने आपल्या तीन वर्षांच्या मुलीला कागदात लिहिल्याप्रमाणे, मापाने मोजून औषध पाजलं. मुलगी दोन दिवस डोळे उघडेना. तिसऱ्या दिवशी उघडले, म्हणून बरं.

आता औषध कंपनीने जाब विचारला होता. उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत जायचं होतं, आणि त्याची एक प्रत त्या आईलाही जाणार होती. व्यवस्थापकाने मसुदा तयारच ठेवला होता. 'आमच्या मुद्रितशोधक बाईंच्या हलगर्जीपणामुळे हा प्रकार घडला असून त्यांना कामावरून दूर करण्यात आले आहे.' खाली बाईंचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

नोकरी जाणार याचा राग होताच. पण बाईंना खरा राग आला तो त्या आईच्या विचाराने. कुठल्याशा घरात ती लेकीच्या उशाशी बसून जन्मभर बाईंच्या नावाने बोटं मोडणार. आणि कशासाठी? तर जे टिंब उडाल्याचं आपल्याला दिसलं होतं त्याच्यासाठी! कारण बाईंनी ते पाहिलं होतं. त्यांना आपला शेरा अक्षर न् अक्षर आठवत होता : 'थांबवा! २५ नव्हे, २.५. मूळ प्रत पाहा.' उद्गारचिन्हासकट. बाई उद्गारचिन्ह फार जपून वापरत. वर्षाकाठी दोन, फार तर तीन.

"माझा शेरा वेगळा होता. पानावर बघा की."

"महिना झाला की जुने शेरे आपोआप पुसले जातात, बाई," व्यवस्थापक म्हणाला. "पान हलकं राहावं म्हणून मीच तशी सोय केलीय. तुम्हाला ठाऊक आहे ते."

"मग हे चित्र कुठून आलं?"

"मी तेव्हाच काढून ठेवलं होतं."

"रोज पंधरा शेरे येतात. नेमकं याच एकाचं चित्र का काढावंसं वाटलं?"

"असते एकेकाला सवय," तो म्हणाला आणि हसला. "न्या हा कागद घरी. निवांत बघा. उद्या अकराला येऊन काय ते सांगा."

त्या हसण्याने बाईंच्या डोक्यात उरलीसुरली ठिणगीही पेटली. त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये कोंबली आणि दार आपटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दाराची कडी निघून हातात आली. ती त्यांनी बाहेरच्या स्टुलावर ठेवली.

या व्यवस्थापकाला छापखान्यात बारायुक्ती म्हणत. तीन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने सगळ्यांना बांधणीच्या खोलीत गोळा केलं, भिंतीवर पडदा लावला आणि 'ब्राउझरच्या बारा गुप्त युक्त्या' असा वर्ग घेतला. चुकून बंद झालेली टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत कशी आणायची, भुंकत सुटलेल्या टॅबचं तोंड बंद कसं करायचं, पत्ता टाइप करायच्या पट्टीतच बेरीज-गुणाकार कसे करायचे. प्रत्येक युक्ती तो अशी सांगायचा, जणू ती काल रात्री स्वतःच्या परसात खणून काढली आहे. बाईंनी वहीत सगळं उतरवून घेतलं होतं. चौथी युक्ती तर त्यांना मनापासून आवडली. कंट्रोल आणि एफ दाबलं, शब्द लिहिला की तो पानभर जिथे जिथे असेल तिथे पिवळा होऊन समोर येतो. जन्मभर ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

बारावी युक्ती त्याने शेवटी, गंमत म्हणून दाखवली. बटणही बारावंच, एफ-बारा. ते दाबलं की पानाच्या पोटातला मजकूर बाजूला उघडतो. त्यातली अक्षरं पुसून हवी ती लिहायची. त्याने बातम्यांचं पान उघडलं आणि मथळ्यात लिहिलं : 'आमचा छापखाना देशात पहिला.' टाळ्या पडल्या. खरं पान जागच्या जागी असतं, बदलतं ते फक्त आपल्या पडद्यावर, आणि पान ताजं केलं की सोंग उतरतं, असंही त्याने सांगितलं. "पण तेवढ्यात फोटो काढला, तर कोणाच्या बापाला कळणार नाही!" सगळे खो खो हसले होते. बाईही हसल्या होत्या, हे आठवून त्यांना आज स्वतःचाच राग आला.

घरी आल्या तेव्हा दिवेलागणीही झाली नव्हती. सासूबाई खिडकीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होत्या. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. या दोघी एका घरात नांदल्या खऱ्या, पण वाणसामानाच्या यादीत 'मीठ' ह्रस्व लिहिलं की दीर्घ यावरूनही एकमेकींची झडती घेत.

"लवकर आलीस? काय गं, तोंड का असं?"

बाईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता चपला भिरकावल्या, पाण्याचा पेला आदळला, आणि बारायुक्तीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेजारच्या खोलीतून नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. दुसरीकडे बघू काम. डोक्याला त्रास नको."

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदम म्हणाल्या.

सासूबाईंनी कागद मागितला. चष्मा पुसला, नाकावर ठेवला, ओळीवर नखाने रेघ ओढली.

"यात दोन चुका आहेत."

"माहितीय मला. 'सुचनेप्रमाणे' आणि 'तपासुन'. दोन्ही उकार ह्रस्व."

"तिथे किती बोललीस?"

"एकच. पहिलाच बघून माझं डोकं फिरलं."

"नशीब तुझं!" सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चमकत होते. "हे बघ, दोन पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं आणि दोघांचं उत्तर बरोबर आलं, तर मास्तरला काही पकडता येत नाही. चूक सारखी आली की दोघंही सापडतात. बरोबर लिहिणारे सगळे सारखे असतात गं, चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. उद्या त्याला शुद्धलेखन घाल. हेच वाक्य. आणि तोवर 'सूचना', 'सूचना' करून घसा फोड. दुसऱ्या शब्दाबद्दल मात्र ब्र काढू नकोस."

"आई, तो काय शाळेतला पोर आहे, मी सांगितलं आणि बसला लिहायला?"

"बसेल. स्वतःला शहाणा समजणाऱ्याला एक चूक आधी सांगितली की तो परीक्षेला उड्या मारत येतो."

लग्न झाल्यापासून बाईंना सासूबाईंचं म्हणणं इतकं पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला दाराला नवी कडी होती. मालकीणबाई टेबलामागे बसल्या होत्या, बारायुक्ती पुन्हा खिडकीपाशी, हातात मसुदा घेऊन. फक्त सही राहिली होती.

"मालकीणबाई, तुमचा कॉम्प्युटर दोन मिनिटं मला द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी शेऱ्यांचं पान उघडलं. एका दिनदर्शिकेच्या प्रुफावर खुद्द मालकीणबाईंनी त्याच सकाळी शेरा दिला होता : 'निळा रंग फिका आहे. छापू नये.' बाईंनी वही उघडली, बारावी युक्ती वाचली, एफ-बारा दाबलं. मजकुराच्या जंगलात ती ओळ शोधायला त्यांना मिनिटभर लागलं. मग त्यांनी पडदा वळवला. मालकीणबाईंच्या नावापुढे, सकाळच्याच वेळेसह, लिहिलेलं होतं : 'रंग झकास. लाखभर छापा.'

"हे मी लिहिलेलं नाही!" मालकीणबाई ताडकन उठल्या.

"काल मी हेच म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "याच खोलीत. याच शब्दांत."

मालकीणबाई हळूच खाली बसल्या. बाईंनी पान ताजं केलं आणि निळा रंग पुन्हा फिका झाला. "हे मला यांनीच शिकवलं. बांधणीच्या खोलीत, भिंतीवर पडदा लावून. टाळ्या घेतल्या होत्या त्यासाठी."

बारायुक्तीचा चेहरा क्षणभर उतरला, पण तो काही कच्चा गडी नव्हता. "वा! म्हणजे चित्र बनवता येतं. ते तर बाईंनाही येतं, आत्ताच दिसलं. येतं म्हणून मी बनवलं, असं होत नाही."

इथे तो खरं बोलत होता, आणि म्हणूनच बाईंना जास्त संताप आला. खोटं बोलणाऱ्या माणसाने मधेच खरं बोलू नये. त्यांनी चौथी युक्ती काढली. छापखान्याची सगळी परिपत्रकं ज्या पानावर लावलेली असतात ते उघडलं, कंट्रोल-एफ दाबलं आणि 'सुचना' असं, दात-ओठ खात, ह्रस्व लिहिलं. पान पिवळंधमक झालं. कोपऱ्यात आकडा आला : एकेचाळीस.

"सगळी यांच्या सहीची. 'सुचना : दिवे बंद करावेत.' 'सुचना : चहाचे कप जागेवर ठेवावेत.' आणि आता हे माझे महिन्याभराचे शेरे. ह्रस्व सुचना, शून्य. दीर्घ सूचना, नऊ. मी 'सुचना' लिहूच शकत नाही, मालकीणबाई. झोपेत लिहिलं तरी दीर्घच येईल."

"अहो, घाईत बोट घसरतं माणसाचं," बारायुक्ती म्हणाला. "आणि ते एकेचाळीस जुने आहेत. तुम्ही फलकावरच्या छापील प्रतींवर लाल पेन्सिलीने इतक्या वेळा माझं नाक कापलंत की आता मी सूचना दीर्घच लिहितो."

"खरंच?"

"शंभर टक्के."

"मग लिहून दाखवा. मी सांगते, तुम्ही लिहा. दीर्घ 'सू' जमला, तर मी स्वतः तुमच्या मसुद्याखाली सही करते आणि चालू पडते."

मालकीणबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग एक कोरा कागद आणि पेन टेबलावर सरकवलं. "लिहा," त्या म्हणाल्या. "म्हणजे हा विषय एकदाचा मिटेल."

बारायुक्ती हसतच खुर्चीत बसला. बाई त्याच्या समोर, हात मागे बांधून उभ्या राहिल्या. सासूबाईंचं गणित चुकलं तर? नोकरी, नाव, सगळं एका अक्षरावर टांगलं होतं. पण आवाज मात्र वर्गातल्या मास्तरणीसारखा स्वच्छ निघाला.

"सूचनेप्रमाणे... तपासून पाहिले. छापण्यास... हरकत नाही."

त्याने 'सू' काढला तो असा की त्याची शेपटी पार खालच्या ओळीत गेली. तिथे तो थांबला, वर पाहिलं, भुवया उडवल्या. मग उरलेलं वाक्य सरसर लिहून काढलं आणि कागद मालकीणबाईंपुढे टाकला. "घ्या. दीर्घ. पाहिजे तर फूटपट्टीने मोजा."

"सू बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पुढचा शब्द वाचा, मालकीणबाई."

मालकीणबाईंनी कालचा कागद काढला आणि आजच्याशेजारी ठेवला. एकात छापील 'तपासुन', दुसऱ्यात पेनाने 'तपासुन'. दोन्हीकडे 'सु'चा उकार तोच, आखूड. त्यांनी एकदा इकडे बोट ठेवलं, एकदा तिकडे. मग परिपत्रकांच्या पानावर स्वतःच कंट्रोल-एफ दाबलं आणि 'तपासुन' लिहिलं. सतरा.

"बाईंच्या शेऱ्यांमध्ये?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि तिथेही शोधलं. एकही नव्हता.

त्यांनी मान वर करून बारायुक्तीकडे पाहिलं.

"एका उकारावरून तुम्ही मला..." बारायुक्तीने सुरुवात केली.

"दोन उकार," बाई म्हणाल्या. "आणि एक टिंब. ते कुठे गेलं ते सांगा आधी. माझा 'थांबवा' तुम्ही वाचला होतात की नाही? वाचला होतात की नाही?" शेवटचं वाक्य त्या ओरडल्याच. दाराबाहेर कुणाचे तरी पाय थबकले.

आणि मग बारायुक्तीचा तोल गेला. "वाचला! वाचला होता! पण प्लेट मशीनवर चढली होती, निम्मा माल निघाला होता. तुम्ही रोजच थांबवता हो! वेलांटीला थांबवा, काना राहिला थांबवा. त्यात हे एक टिंब. प्रत्येक टिंबाला मशीन थांबवलं तर छापखाना चालेल?"

"चालला नसता एक दिवस," बाई म्हणाल्या. "ती पोरगी दोन दिवस निपचित पडली होती."

मालकीणबाईंनी मसुदा उचलला आणि मधोमध फाडला. "बाई, तुमच्यावर अन्याय झाला. तुम्ही कामावर या. पत्रात आपण 'तांत्रिक बिघाडामुळे' असं घालू. कुणाचंच नाव नको. छापखान्याची अब्रू..."

बाईंना वाटलं होतं, नाव वाचलं की राग उतरेल. तो उतरला नाही, उलट आणखी चढला. म्हणजे आता हे चित्र मालकीणबाई काढणार. पान एक आणि पडद्यावर दाखवायचं दुसरंच.

"त्या बाईने औषध मापाने मोजून पाजलं," त्या म्हणाल्या. "आपण छापलं होतं तेवढंच. ती आजही स्वतःला दोष देत असेल, आपण चुकीचं वाचलं का म्हणून. तिने बरोबर वाचलं. चुकीचं आपण छापलं. हे तिला कळल्याशिवाय मी या खोलीतून हलणार नाही. काल दार मोडलंय, आज भिंत मोडेन."

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बारायुक्तीकडे. आणि दुसरा कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "हाताने लिहा. त्या आईला. पुसता येणार नाही असं."

तो लिहायला बसला. या वेळी हसला नाही. दोनदा पेन थांबलं, एकदा त्याने रुमालाने मान पुसली. दहा-बारा ओळी झाल्या. टिंब कसं गेलं, कुणी सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही, सगळं आलं. पत्र त्याने मालकीणबाईंकडे धरलं, पण त्यांनी मानेनेच खूण केली, बाईंकडे द्या.

बाई उभ्या उभ्याच वाचू लागल्या. नेहमीसारखं, ओळीवर बोट ठेवून. शेवटून दुसऱ्या ओळीत बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं : 'आपण औषध बरोबर दिलेत. ही चुक माझी आहे.'

त्यांनी पर्समधून लाल पेन्सिल काढली. त्याने मान वर केली नाही.

"चूक दीर्घ असते," बाई म्हणाल्या.

उकाराला शेपूट जोडून त्यांनी कागद उलटा केला आणि मागे, कोपऱ्यात, आपल्या बारीक अक्षरात लिहिलं : 'तपासून पाहिले. पाठवण्यास हरकत नाही.' खाली सही केली.